शनिवार-रविवारची गोळी

भवानी पेठेत सुताचा रंग जुळवायचा झाला तर माणसं सिद्रामप्पांकडे जातात. दुकान म्हणाल तर दहा बाय बारा. दोन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर रंगवलेल्या सुताच्या लडी, दारात एक लोखंडी खुर्ची आणि त्या खुर्चीवर गेली बेचाळीस वर्षं सिद्रामप्पा. कुणी चादरीचा फाटका कोपरा घेऊन येतं, कुणी टॉवेलच्या काठाचा वीतभर धागा, आणि म्हणतं, "आप्पा, ह्याच्या जोडीचं सूत पायजे." सिद्रामप्पा उठतात, पायरीवर उन्हात जातात, धागा बोटाला गुंडाळून एकदाच बघतात आणि आत येऊन नेमकी तीच लडी काढतात. आतल्या ट्यूबलाइटखाली त्यांनी कधी रंग बघितला नाही. दिव्यात सगळे रंग खोटं बोलतात, असं त्यांचं ठाम मत. नुसत्या पांढऱ्यातच ते पाच पांढरे वेगळे काढून दाखवत. बाकीच्या दुनियेला ते पाचही सारखेच दिसतात, आणि त्या दुनियेची त्यांना मनापासून कीव येई.

अशा माणसाचे डोळे फसले. कसे फसले ते सांगतो, पण त्यांना हसायचं असेल तर आधी आपण रोज कुठली गोळी कशी घेतो ते आठवून मग हसा.

दिवाळीनंतर त्यांना धाप लागायला लागली. पायरी चढली की छातीत काहीतरी फडफडायचं. पाय सुजले. दवाखान्यात चार दिवस काढले, तेव्हा कळलं की हृदयाचे ठोके ताल सोडून पडताहेत. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी गोळ्यांची पिशवी दिली. एक लघवीची, एक रक्त पातळ ठेवायची, आणि एक इवलीशी पांढरी, डिगॉक्सिन नावाची. ती पांढरी गोळी बाईंनी मुद्दाम तळहातावर ठेवून दाखवली. म्हणाल्या, "ही आठवड्यातून पाचच दिवस घ्यायची. शनिवार-रविवार नाही. ती अंगातून हळूहळू बाहेर पडते. साठू द्यायची नाही." सिद्रामप्पांनी मान हलवली. "समजलं."

आणि समजलं होतंच. ऐकण्यात घोटाळा झाला, चिठ्ठी हरवली, असलं काही झालं नाही. पहिले दोन आठवडे शनिवार-रविवार त्यांनी गोळी घेतली नाही. घोटाळा झाला तो भक्तीत.

सिद्रामप्पांच्या गळ्यात चांदीच्या छोट्या पेटीत इष्टलिंग असतं. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासूनचं. रोज पहाटे अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, घोंगडीच्या घडीवर बसून ते लिंग डाव्या तळहातावर घेत. पाणी, बेलाचं पान, एखादं फूल. मग तळहात डोळ्यांसमोर धरून पापणी न हलवता बघत राहायचं. शेवटी लिंगावरचं तीर्थ प्यायचं आणि दिवसाला लागायचं. लग्नाच्या दिवशी हे चुकलं नाही, वडील गेले त्या दिवशी चुकलं नाही, दवाखान्याच्या खाटेवरही चुकलं नाही. सकाळची ती पांढरी गोळी सिद्रामप्पांनी ह्या तीर्थाबरोबर जोडून टाकली. औषधही तीर्थासारखं घशाखाली गेलं तर जास्त लागू पडेल, असा हिशोब. पण मग शनिवार आला की पूजा अर्धवट राहिल्यासारखी वाटे. तीर्थ घेतलं, पण काहीतरी राहिलं. नेमाला कुठं सुट्टी असते? तिसऱ्या शनिवारी हात आपसूक डबीकडे गेला. काही झालं नाही. उलट बरंच वाटलं. मग रविवारीही गेला. त्यानंतर सिद्रामप्पांच्या आठवड्यात ते दोन दिवस इतर दिवसांसारखेच झाले, आणि ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

माघ महिन्यातल्या एका सोमवारी उजेड दिसला.

तळहातावर लिंग होतं, काळंभोर, गुळगुळीत. त्याच्या कडेला आधी केसाएवढी पिवळी रेघ उमटली. सिद्रामप्पांनी श्वास धरला. रेघ रुंदावली, लिंगाभोवती कडं झालं, आणि कडं हळूहळू पसरत तळहाताच्या रेषांवर उतरलं. हळदीचा पिवळा नव्हता तो. लिंबाचाही नव्हता. काठाला किंचित हिरवी झाक होती. बेचाळीस वर्षांत ह्या रंगाची लडी त्यांच्या हाताखालून गेली नव्हती. बाहेर कुठंतरी एक यंत्रमाग खडखडत होता, तो लांब गेला. दुधाची गाडी गेली, तीही लांब. सगळी पेठ पाण्याखाली गेल्यासारखी गप्प झाली आणि सिद्रामप्पा त्या पिवळ्यात बसून राहिले. उठले तेव्हा ऊन खिडकीतून निम्म्या भिंतीवर आलं होतं.

मग ते रोज दिसू लागलं. पूजा अर्ध्या तासाची दीड तासाची झाली. दिवस असे तरंगत जाऊ लागले की सकाळ कधी संपली आणि दुपार कधी लागली याचा पत्ता नसे. चालताना पाय जमिनीवर टेकतात की नाही अशी शंका यायची. गिऱ्हाईक काही विचारी, ते शब्द त्यांच्याजवळ पोचायला वेळ लागे. जेवणाची वासना गेली. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही, हे ज्या माणसाचं ब्रह्मानंदाचं ताट, त्याला त्या चटणीच्या वासानं मळमळायला लागलं. दोन घास खाऊन ते हात धूत. देह हलका होतोय, असं त्यांना वाटे. सत्तराव्या वर्षी, कसल्या मठात न राहता, सुताच्या लडी विकता विकता हे आपल्या वाट्याला यावं, ह्या विचारानं त्यांचे डोळे भरून येत. ते खरंच सुखात होते. आयुष्यात एवढं सुख त्यांना कधी झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांनी बायकोला, गंगम्माला, सांगितलं. "पूजेत उजेड दिसतोय मला. पिवळा. लिंगाभोवती."

गंगम्मा एरवी तोंडाची फटकळ. नवऱ्यानं भाजीत मीठ कमी म्हटलं तरी ती तीन वाक्यं ऐकवायची. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही.  मग पदर खांद्यावरून घेऊन तिनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या दिवसापासून तिनं त्यांना जेवायचा आग्रह केला नाही की पूजेला उशीर झाला म्हणून हाक मारली नाही. घरात पावलं न वाजवता फिरू लागली. तिच्या ह्या शांतपणाचा अर्थ सिद्रामप्पांनी आदर असा लावला, आणि त्यांना तो आवडला, हे लपवण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी गंगम्माला सांगितली नव्हती. स्वतःलाही नीटशी सांगितली नव्हती. ते कडं नुसतं लिंगाभोवती नव्हतं. संध्याकाळी दुकानातल्या ट्यूबलाइटभोवती होतं. समोरून येणाऱ्या रिक्षाच्या दिव्याभोवती होतं. पौर्णिमेचा चंद्र त्यांना भिजलेल्या लिंबासारखा दिसला होता. हे मनात येत नसे असं नाही. यायचं, आणि सिद्रामप्पा ते वरच्या फळीवर मागं सरकवून द्यायचे.

धनाजीचं प्रकरण उजेड दिसला त्या पहिल्याच आठवड्यातलं. धनाजी रंगखात्यातला माणूस, दर बुधवारी ब्लीच केलेल्या सुताचे गठ्ठे घेऊन येई. सिद्रामप्पांनी गठ्ठा सोडला, लड पायरीवर नेली आणि परत आणून टाकली. "धना, तुझं ब्लीच बिघडलंय. पिवळं हाय हे."

"आप्पा, गेल्या बुधवारचाच माल हाय की! हेच सूत नेलाव तुमी."

"मला रंग शिकवू नकोस."

धनाजी गठ्ठा उचलून, पुटपुटत निघून गेला. बेचाळीस वर्षांत सिद्रामप्पांशी रंगावरून कुणी वाद घातला नव्हता, तो तरी कसा घालणार?

पेठेच्या कोपऱ्यावर मेडिकलचं दुकान आहे. तिथं साक्षी काम करते, मिलिंदनगरात राहणारी, बी.फार्म झालेली, चष्मेवाली, गिऱ्हाइकांना उगाच प्रश्न विचारते म्हणून थोडी नावडती. माणसं गोळ्यांची पट्टी मागतात आणि ही विचारते, कुणासाठी, कधीपासून, जेवणाआधी की नंतर. उजेडाला तीन आठवडे होत आले, तेव्हा एका दुपारी सिद्रामप्पा तिच्याकडे पांढऱ्या गोळीची पट्टी घ्यायला गेले. घरी डबीत उद्यापुरती एकच उरली होती.

साक्षीनं कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि पट्टी हातातच ठेवली.

"आप्पा, ही दहा गोळ्यांची पट्टी असते. आठवड्याला पाच, म्हणजे दोन आठवडे जायला पाहिजे. तुम्ही दहा दिवसांच्या आतच आलाय. मागच्या वेळीपण तसंच. शनिवार-रविवार घेताय का तुम्ही?"

"घेतो की. पूजेसंगं घेतो. पूजा काय शनिवारी बंद ठिवायची व्हय?"

ती हसली नाही. "जेवण जातंय का?"

"कमी झालंय. वयच हाय तसं."

"मळमळतं?"

"जरा."

"आणि दिसतं कसं? पिवळं दिसतं का सगळं? दिव्याभोवती कडं दिसतं?"

सिद्रामप्पांनी काउंटरची काच धरली. हा उजेड त्यांनी गंगम्माशिवाय कुणाला सांगितला नव्हता. पहाटेच्या घोंगडीवरचं, बंद दारामागचं, त्यांच्या आणि देवाच्या मधलं ते, आणि ही पंचविशीतली पोरगी ते खोकला-ताप विचारावा तसं विचारत होती.

"तुला कुनी सांगितलं?"

"पुस्तकात आहे, आप्पा. ही गोळी अंगात साठली की असंच होतं. आधी भूक जाते, मळमळतं, मग पिवळं दिसायला लागतं. ह्या गोळीचं असंय, बरं करायला जेवढी लागते आणि बिघडवायला जेवढी लागते, त्यात अंतर लई थोडं असतं. त्यात तुमची लघवीची गोळी चालू, वय सत्तर." बोलता बोलता तिनं त्यांचं मनगट धरलं आणि मोबाइलच्या घड्याळात बघत पूर्ण एक मिनिट गप्प राहिली. "चव्वेचाळीस. आप्पा, ठोके लई मंद झालेत. हे असंच चालू राहिलं तर हृदय थांबू शकतं. घाबरवायचं म्हणून बोलत नाही."

तिनं तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. निरोप आला तो असा: आत्ता निघायचं, सगळ्या गोळ्या बरोबर आणायच्या, पांढरी गोळी पुन्हा तोंडात घालायची नाही, आणि बाकीच्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

"रिक्षा बोलावू का?"

"घरी सांगून निघतो," सिद्रामप्पा म्हणाले, आणि घराकडे न जाता दुकानाकडे चालू लागले. भयंकर संतापले होते. पुस्तकात आहे म्हणे. उद्या म्हणाल देवही पुस्तकात आहे, अमुक गोळीनं होतो! पोरीला काय कळतंय? खुर्चीवर बसले तरी राग उतरेना. आणि रागाच्या खाली, अगदी तळाशी, एक लबाड इच्छा बसली होती. डबीत एक गोळी आहे. एक सकाळ मिळेल. एवढी एकच सकाळ त्या पिवळ्यात बसू, मग जाऊ दवाखान्यात.

सवयीनं त्यांची नजर फळ्यांवरून फिरली. सगळ्यात वर, कागदात गुंडाळलेली एक लड होती. शुद्ध पांढऱ्याचा नमुना म्हणून त्यांनी स्वतः जपून ठेवलेली, कागदावर त्यांचंच अक्षर. बाकीचे पांढरे ते हिच्याशी लावून बघत. सिद्रामप्पांनी ती काढली, कागद सोडला, आणि पायरीवर गेले. फाल्गुन तोंडावर आला होता, सोलापूरचं दुपारचं ऊन कुणाची भीडभाड ठेवत नाही. त्या लख्ख उन्हात लड धरली.

पिवळी. काठाला किंचित हिरवी झाक.

तोच रंग होता. जगात कुणीही शपथेवर नाही म्हटलं असतं तरी सिद्रामप्पांना नाही म्हणता आलं नसतं. धनाजीचं सूत पांढरं होतं. चंद्र पांढरा होता. देवाला सुताच्या लडीभोवती उजेड पाडायचं काही कारण नव्हतं. लड मांडीवर घेऊन ते पायरीवरच बसले. रस्त्यावरनं माणसं जात होती, प्रत्येकाच्या पांढऱ्या सदऱ्याला तो रंग लागलेला. कुणाचं काही हिरावून घेतलं की जसं वाटतं तसं त्यांना वाटत होतं, आणि हिरावून घेणारं कुणी दिसत नव्हतं. रंग खोटा आहे हे ठाऊक असताना त्यांनी तो आजवर गिऱ्हाइकाला कधी दिला नव्हता. उद्या पहाटे तो देवासमोर कसा धरायचा?

ते उठले, लड कागदात बांधली आणि घरी निघाले.

दवाखान्यातलं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं, गोळी तिथल्या तिथं बंद झाली. त्यांना पाच दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरबाई रागावल्या, मग म्हणाल्या, रंग इतका बारकाईनं सांगणारा पेशंट मी पहिल्यांदाच बघितला. सिद्रामप्पा खाटेवर पूजा करत आणि रोज उजेड थोडा ओसरलेला बघत. आधी हिरवी झाक गेली. मग कडं आकसत आकसत पुन्हा केसाएवढी रेघ झालं. पाचव्या पहाटे तळहातावर नुसतं काळं लिंग होतं, आठव्या वर्षी दिलेलं होतं तसंच, आणि सिद्रामप्पा ते बघत हमसून हमसून रडले. पूजा त्यांनी पुरी केली. दुपारी त्यांना भूक लागली. पुढं घरी गोळ्यांची नवी चिठ्ठी आली, ती साक्षीनं वारांसकट मोठ्या अक्षरात लिहून दिली, आणि औषध न्याहारीला गेलं, पूजेपासून लांब.

अवघड होतं ते दवाखान्यात जाण्याआधीचं, घरातलं.

गंगम्मा ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. समोर सूप, मांडीशी ढीग. सिद्रामप्पा चपला न काढता तिच्यापुढं उभे राहिले. हृदय थांबेल ह्या भीतीपेक्षा त्यांना ह्या क्षणाची भीती जास्त होती. जिनं पायावर डोकं ठेवलं, तिला काय तोंडानं सांगायचं?

"गंगू, त्यो उजेड देवाचा न्हवता. गोळीचा हाय."

सूप थांबलं. "म्हंजे?"

"शनवार-रविवार घ्यायची न्हवती. मी घेतली. अंगात साठली, म्हून पिवळं दिसतंय. जेवन जात न्हाय ते बी त्यानंच. दवाखान्यात जायाचंय, आत्ताच."

गंगम्मानं हातातले दाणे सुपात टाकले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग तुमी जात न्हाय?"

"जातोय की. दवाखान्यात."

"तसं न्हाय ओ." ती सुपाकडे बघत बोलू लागली. "आमच्या अज्जाचं असंच झालं हुतं. अन्न सुटलं, पूजेला बसला की उठंना, उजेड दिसतोय म्हनला. आणि तेराव्या दिवशी बसल्या जागी गेला, लिंगैक्य झाला. समदे म्हनले, मोठं भाग्य, देवानं असं जवळ घेतलं. तुमी सांगितलं तवाच मी वळखलं. म्हून पाया पडून घेतलं." तिनं पदरानं डोळे पुसले, पण ते पुसले जाईनात. "श्रीदेवीला वळसंगला फोन केला. म्हनलं, बापाला भेटून जा, पर काय बोलू नको. शेतात मामंजींच्या समाधीशेजारची जागा साफ करून घेतली मी. बाभळी तोडल्या तितल्या."

सिद्रामप्पा खाली बसले. तीन आठवडे ते उजेडात बसले होते आणि त्याच घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे, ही बाई त्यांना पोचवत होती. रोज, थोडं थोडं, आवाज न करता. आणि त्यांनी त्याला आदर म्हटलं होतं.

"मला बोललीस का न्हाय?"

"काय बोलू? भाजीच्या मिठावरनं तुमच्यासंगं भांडता येतंय. देवासंगं कसं भांडायचं? तुमी इतक्या खुशीत हुता." आणि मग एकाएकी गंगम्माचा खरा आवाज परत आला, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा. "गोळी हाय म्हनून म्हाईत असतं तर दारात आडवी पडले असते मी! एक दाणा सोडला नसता ताटात! त्या चिमूटभर गोळीपायी मी तीन आठवडे मोरीत जाऊन रडले व्हय?"

ती उठली. सुपातली ज्वारी ओसरीभर सांडली, तिकडे तिनं बघितलं नाही. गोळ्यांची पिशवी काखेत मारली, सिद्रामप्पांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांना ओढतच रस्त्यावर आणलं. रिक्षात ते मनगट तिच्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तिच्या मुठीत होतं. डॉक्टरबाईंनी नाडी बघायला हात मागितला, तेव्हा सिद्रामप्पांना दुसरा हात पुढं करावा लागला.